चार हजार तीनशे

नागपुरात तापमान म्हणजे एकच गोष्ट.
मे महिन्यात ते पहिल्या पानावर छापतात
आणि ते गठ्ठे रात्री दीडला मीच नेतो,
काटोल, मग नरखेड.
सत्तेचाळीस पॉइंट दोन. शाई अजून ओली.

म्हणून घनश्याम लालवानीनं जेव्हा विचारलं,
"दादा, रंगाचं तापमान कितीचं पाहिजे?"
मी आधी त्याच्या कूलरकडे पाहिलं.

इंदोऱ्याच्या पुढे, त्याच्या दुकानाचं शटर खाली ओढलेलं,
शटरवर खडूची आडवी रेघ.
पंचवीस फुटांवर माझी बोलेरो, बॉनेट वासून,
डॉक्टरापुढे जीभ काढल्यासारखी.

तीन हजार. शटर हळदीच्या पाण्यानं धुतलेलं.
सहा हजार. ऑपरेशनच्या टेबलावरचा उजेड,
ज्यात माणूस नुसता अंग असतो.
आठ हजार. सराफाची काच.
दहा हजार लावला तर घनश्यामच हसला,
जांभळं खाऊन आलेलं शटर.

"आकडा मोठा, तितका रंग थंडा," तो म्हणाला.
"बाप्पा," मी म्हटलं,
"मग आमच्या गावालेच दहा हजारावर नेऊन ठेव ना."

पीयूष, माझा भाचा, मोबाइल खाली न ठेवता:
"मामा, आठच टाका. लोकं दुरूनच साइड देतीन."
गाडी अजून माझ्या नावावर आहे,
पण दिवे त्याला त्याच्या वयाचे पाहिजेत.

मागच्या डिसेंबरात फेटरीच्या वळणावर
असाच कोणी निळा उजेड घेऊन आला
आणि चार सेकंद मला पुसून गेला.
पाचव्या सेकंदाला रस्त्यात रोही उभा,
राखेच्या रंगाचा, हलायला तयार नाही.
ब्रेक लागला. गठ्ठे पुढे आले.
रोही माझ्याकडे पाहत राहिला,
चूक माझीच असल्यासारखा.

हे मी पीयूषला सांगितलं.
दुसरं नाही सांगितलं.

मेटपांजऱ्याच्या आसपास, पावणेतीनच्या सुमाराला,
समोरून एक दुधाचा टँकर येतो.
अकरा वर्षं. तोंड पाहिलं नाही, नाव माहीत नाही.
तो दोनदा डिपर मारतो, मी दोनदा.
एकदा माझा डावा दिवा गेला होता,
तर त्यानं टँकर हळू केला,
काच खाली न करताच काय ते पाहिलं, आणि गेला.
त्याच्या हिशेबात मी म्हणजे
दोन पिवळट ठिपके, थोडे वर-खाली हलणारे.
तेच बदलले, तर उद्या त्याच्या समोरून
कोण येईल?

"चार हजार तीनशे," मी म्हटलं.
"दिसते जास्ती, चमकते कमी," घनश्याम म्हणाला,
"पण हा कोणी मांगत नाही, दादा."
धूळ बसलेलं खोकं त्यानं मागच्या फळीवरून काढलं.

बसवून बटण दाबलं तर निळाच पेटला!
पीयूष खूश.
"थांब," घनश्याम म्हणाला. "पेटताना सगळेच निळे."
आठ-दहा सेकंद.
मग तो रंग खाली उतरत आला,
साय धरलेल्या दुधावर येऊन थांबला.
"अन् म्हातारे झाले की पुन्हा निळ्याकडे जातात,"
पेचकस पुसता पुसता तो म्हणाला,
"तेव्हा बदलायले या."
आणि उजेडाची कड खडूच्या रेघेखाली
बोटभर दाबून बसवली.

त्या रात्री रस्ता मला नव्यानं दिसला.
खड्डे सगळे जुनेच.
संत्र्याच्या बागांचं काटेरी कुंपण,
कुंपणाला अडकलेली एक ओढणी,
ती किती वर्षांपासून तिथं आहे कोणास ठाऊक.

पावणेतीन. टँकर.
मी दोनदा डिपर दिला.
तो जवळ येत गेला, येत गेला,
पीयूष शेजारी झोपलेला,
आणि अगदी बाजूनं जाता जाता
त्यानं एकदाच दिला.

एकदाच.
म्हणजे ओळखलं,
की नुसती रीत म्हणून,
हे नरखेडपर्यंत ठरलं नाही.